चार हजार मीटर खाली टिकलेली शिवण

विंचच्या खोलीतून.
समुद्र खवळलेला, मी त्याच्याहून जास्त.

तीर्थरूप आत्या,

तू पाय मागे घेतले नसशील तर साष्टांग नमस्कार. घेतले असशील तर लांबूनच.

मी इकडे खुशाल आहे. तुला राग यावा इतकी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून मधल्या पायरीवर थांबून त्या पायरीलाच शिव्या देतेस का? डोळ्यांचं विचारत नाही, कारण चष्मा बॉबिनच्या खणात लपवून 'मला सगळं दिसतं' म्हणणाऱ्या बाईला डोळ्यांचं काय विचारायचं! म्हणूनच तर हे पत्र बोटीच्या कॉम्प्युटरवरून तुझ्या शिवणाच्या कारखान्याखालच्या सायकलवाल्याकडे जातं, तो ते छापतो, हाताचं ग्रीस पुसतो आणि वर येऊन तुला वाचून दाखवतो. (सायकलवाले दादा, तुम्हालाही नमस्कार. एक विनंती. मागच्या पत्रात 'आत्या, तुझी फार आठवण येते' असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. ते तुम्ही पदरचं घातलंत. या वेळी आहे तेवढंच वाचा. आणि रागाच्या जागी आवाज चढवा, मी चढवूनच लिहिते आहे.)

तुझा निरोप पोचला. तीनच वाक्यं. 'पुरे झाली थेरं. पुढच्या बंदरात उतर आणि घरी ये. नाहीतर तुझं मशीन विकते.' वा! सतरा महिन्यांनी भाचीला पहिला निरोप धाडायचा आणि त्यात 'नीट जेवतेस का' एवढंही नाही. बरं, तीन वाक्यांना तीन उत्तरं घे. ही थेरं नाहीत, नोकरी आहे. मी उतरणार नाही. आणि मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा तू माझ्यासाठी खिडकीपाशी मांडलेलं ते काळं मशीन खुशाल विक. भंगारवाल्याला घाल. झालं समाधान?

ही बोट काय करते ते मी तुला चार वेळा लिहिलं. तरी तू गिऱ्हाइकांना सांगतेस की भाची 'बोटीवर कसल्याशा बादल्या भरते'. (हे दादांनीच कळवलं. त्यांच्यावर चिडू नकोस, तुला जिन्यावरून दळणाचा डबा कोण वर आणून देतं ते आठव.) तुझं म्हणणं, जिच्यात माल नाही, उतारू नाहीत आणि जी कुठे जात नाही ती बोट कसली. अगं, कुठे न जाणं हेच तर तिचं काम! समुद्राच्या ऐन मध्यावर, जिथे चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नाही, अशा एका ठरलेल्या ठिपक्यावर ती जाऊन उभी राहते. त्याला इथे स्टेशन म्हणतात. (ना फलाट, ना चहावाला.) मग तारेला बांधून काहीतरी खाली सोडायचं. कधी पाणी भरून आणणाऱ्या बाटल्या, कधी तळाचा चिखल उकरणारा डबा, कधी जाळं, कधी कॅमेरा. वर काढायचं आणि पुढच्या ठिपक्यावर जायचं. शास्त्रज्ञ मंडळी त्या चिखलाकडे अशी बघतात की तू कधी रेशमाकडे बघितलं नसशील. सुरुवातीला मला हसू यायचं. आता येत नाही, पण चिखल तो चिखल.

सोडायचं आणि काढायचं काम माझं. विंच म्हणजे खोलीएवढं रीळ समज, त्यावर बोटाएवढी जाड पोलादी तार, कित्येक किलोमीटर. मी वर काचेच्या खोलीत बसते, हातात एक दांडी. पुढे केली की तार सुटते, मागे ओढली की येते. लाटेने बोट वर उचलली की तार ताणते, तेव्हा जरा सैल सोडायची, आणि बोट खाली बसली की ओढून घ्यायची. नवीन माणसं समोरच्या आकड्यांकडे बघतात, मी तारेकडे बघते. दोरा किती ताणला की तुटतो हे मला कुणी शिकवलं ते मी या पत्रात लिहिणार नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसशील. डेकवरचा मुकादम (उंच, मिशीवाला, आयुष्यात कुणाला 'शाब्बास' न म्हणालेला माणूस, तुमचं दोघांचं छान जमेल) पहिला महिनाभर माझ्या पाठीशी उभा राहून बघायचा. दुसऱ्या महिन्यात त्याने उभं राहणं बंद केलं. इथली शाबासकी ती एवढीच, आणि मला ती पुरते.

आता मूळ भानगड सांगते. तळाचे फोटो काढणारा जो कॅमेरा आहे, त्याच्या भिंगाला एक रबरी टोपी होती. डेकवर असताना भिंगावर ओरखडा पडू नये म्हणून ती घालायची आणि खाली सोडताना काढायची. ती या सफरीच्या पहिल्याच स्टेशनवर समुद्रात पडली. दुसरी नव्हती. मग काय, भिंगाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड! एवढा मोठा कॅमेरा आणि त्याच्या तोंडाला भाजीची पिशवी. मला बघवेना. तू वाढवलेल्या मुलीला कसं बघवेल, सांग ना! मी एका जुन्या रेनकोटचं काळं कापड घेतलं, आतून मऊ अस्तर लावलं, कडेला दुहेरी दुमड घालून त्यात घट्ट इलॅस्टिक ओवलं आणि कॅमेऱ्याच्या गोलाईला बेतून एक टोपडं शिवलं. सगळं हाताने, बारीक उलटी टीप, टाक्याला टाका भिडलेला. घातलं की कॅमेऱ्याच्या अंगचंच वाटायचं. मंडळींनी हात फिरवून फिरवून बघितलं. आत्या, तू कारखान्यातल्या सगळ्या बायकांसमोर म्हणायचीस ना, 'हिची शिवण पहिल्या धुण्यात उसवणार'? गणवेशाच्या खिशाला म्हणालीस, पडद्याच्या काठाला म्हणालीस, आणि बाह्यांना तर मला हातच लावू दिला नाहीस. बाही मुंढ्यात बसवायची ती तूच, आम्ही नुसतं बघायचं आणि शिकायचं. मी बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत बसले. काय बिघडलं? समुद्रात कुणाला बाह्या लागतात?

त्या दिवशी नाश्ता झाल्यावर कॅमेरा खाली सोडला. तळ चार हजार मीटरवर, पोचायला सव्वा तास. मंडळी पडद्यासमोर दाटीवाटीने बसली, कारण तिथला तळ आजवर कुणी पाहिलेला नव्हता. (अजूनही नाही.) पडदा काळा. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही, खोल समुद्र काळाच असतो. हजार मीटर, काळा. दोन हजार, काळा. तळ आला, मी तार थांबवली, खालचे दिवे लावले, तरी काळाच. मग चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, पाणी गढूळ आहे. दुसरी म्हणाली, दिवे लागलेच नाहीत. तिसऱ्याने शोध लावला की वायर बिघडली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही, पण कॅमेरा आपल्या पोटात चित्रं साठवतोच आहे, तेव्हा थांबायचं कारण नाही. हे सगळ्यांना पटलं. शिकलेल्या माणसांना एकदा एखादी गोष्ट पटली की मग विचारायलाच नको! दोन तास आम्ही बोट मुंगीच्या पावलांनी सरकवत तो कॅमेरा तळावरून फिरवला. मध्येच एकीला पडद्यावर पांढरं काहीतरी हलताना दिसलं, मग ते सगळ्यांनाच दिसलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, खाली निमुळतं, वर फुगीर. एकाने वहीत त्याचं चित्र काढलं. तो आमचा आचारी होता. डोक्यावर पांढरी टोपी घालून मागून चहा देत गेला, त्याचं प्रतिबिंब. नंतर रिकामे कप न्यायला आला तेव्हा 'प्राणी उलट दिशेने परतला' अशीही नोंद झाली. ते पान आचाऱ्याने मागून घेऊन स्वयंपाकघरात चिकटवलंय.

कॅमेरा वर आला. आम्ही सगळे डेकवर. पाणी निथळतंय, आणि भिंगावर माझं टोपडं! चार हजार मीटर खाली जाऊन, दोन तास भटकून, पोकळ डबा कागदासारखा चुरगळेल एवढा पाण्याचा दाब सोसून, टोपडं होतं तिथेच होतं. एक टाका ढिला नाही, इलॅस्टिक तसंच, दोरा तसाच. एकेकाचा चेहरा असा, जणू घरातलं कुणी गेलंय. आणि मला त्या वेळी काय सुचावं? मी मोठ्याने म्हणाले, 'बघा, उसवलं नाही!' ती वेळ नव्हती हे मला मान्य आहे. पण वाक्य खरं होतं, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे तुला कळलंच असेल.

या सगळ्या शास्त्रज्ञांच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. बुटक्या, शांत, आवाज म्हणून चढत नाही. आवाज चढवणाऱ्या बाईशी मी लहानपणापासून लढत आले, शांत बाईशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलंच नाही. त्यांनी एक कागद पुढे केला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे एका दिवसाचं काम वाया गेलं.' खाली माझी सही हवी. सही केली की बंदरात उतरायचं, पुढच्या सफरीला नाव नाही. मी केली नाही. का करू? म्हटलं, यादी आणा. कॅमेरा सोडण्याआधी एक यादी असते, एकेका ओळीपुढे खूण करायची. त्यात लिहिलंय, 'रबरी टोपी काढली.' खूण आहे. टोपी निघालेलीच होती, समुद्राच्या तळाशी पडलीय ती! टोपड्याचं नाव यादीत कुठंय, दाखवा. 'तुम्ही अकरा जण कॅमेऱ्याला खेटून उभे, एकालाही दिसलं नाही, आणि वर काचेत बसलेल्या विंचवालीला दिसायला हवं होतं होय?' असंही मी म्हणाले. मुकादम मिशी चावत राहिला. मॅडमनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाल्या, 'बंदर येईपर्यंत विचार कर.' मी म्हटलं, बंदर आलं तरी विचार हाच.

चार दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आचारी तेवढा बोलायचा, माझ्यामुळे त्याची शास्त्रात नोंद झाली होती ना! पाचव्या दिवशी जाळं फाटलं. हे मासे धरायचं जाळं नव्हे. दोन माणसांएवढं लांब, वर रुंद, खाली निमुळतं, आणि कापड असं तलम की डोळ्यांना न दिसणारे जीवही त्यातून निसटत नाहीत. तोंडाशी जाड कॅनव्हासची गोल पट्टी, ती लोखंडी कड्याला बांधलेली. बोटीने हेलकावा खाल्ला, जाळं कडेला घासलं, आणि कॅनव्हासपासून तलम कापड अर्ध्याहून जास्त उसवून लोंबायला लागलं. (ती शिवण जाळी बनवणाऱ्या कंपनीतून आलेली होती, माझी नव्हे. नोंद व्हावी.) दुसरं जाळं धक्क्यावरच्या गोदामात राहिलेलं. मुकादमाच्या यादीत त्याच्यापुढेही खूण होती, म्हणजे यादीवर कुणी किती विसंबायचं ते बघ. शेवटच्या स्टेशनवर हे जाळं टाकायचंच आहे, मॅडमनी तेवढ्यासाठी तीन वर्षं वाट पाहिली. सगळे जाळ्याभोवती तोंडं पाडून बसले. कुणी गोंद म्हणालं, कुणी स्टेपलर. स्टेपलर, आत्या! तुला तिथे ठसका लागला असेल. (दादा, पाणी द्या तिला.) मला राहवेना. काचेच्या खोलीतून खाली उतरले आणि म्हणाले, 'व्हा बाजूला.'

म्हटलं, शिवून देते, पण तो कागद आधी फाडायचा. मॅडम त्याच थंड आवाजात म्हणाल्या, 'आधी शीव. जाळं टिकलं तर कागद फाडते आणि पुढच्या सफरीला तुझं नाव मीच घालते. उसवलं तर सही करायची, एक अक्षर न बोलता.' सगळ्यांदेखत! मी माघार घेते होय? 'हात्तिच्या, एवढंच ना?' म्हटलं, 'माझ्या आत्याचा कारखाना आहे. असल्या शिवणी मी झोपेत घालते.' (होय, तुझं नाव घेतलं. त्यात एवढं फुगून जायचं कारण नाही.) शेवटचं स्टेशन सहा दिवसांवर आहे आणि बंदर त्यानंतर चार दिवसांवर.

तर असा सगळा मामला आहे. मी उतरणार नाही. मॅडमनी उतरवलंच तर उतरेन, पण घरी येणार नाही, दुसरी बोट शोधेन. तुझ्या कारखान्यात आठ जणी आहेत, आठही तुझं ऐकतात, नववी कशाला हवी? त्या खिडकीपाशी बसून मी बारा वर्षं दुसऱ्यांची मापं लिहून घेतली. इथे मी दांडी हलवली की चार किलोमीटर खाली, जिथे सूर्यसुद्धा पोचत नाही, तिथली वस्तू माझ्या हाताने हलते. हे सोडून मी काज करायला येऊ? छे! मशीन विकायचं तर लवकर विक, मला कळवूही नकोस. मला त्याचं काही नाही. कुणाच्या मदतीची मला गरज नाही आणि पडणारही नाही. कारखान्यातल्या सगळ्या जणींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला विशेष.

तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
भाची

ता. क. यादीचं जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. टोपडं काढायचं काम माझंच होतं. मीच सगळ्यांना बजावलं होतं, माझी वस्तू आहे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या सकाळी वर चढण्याआधी मी ते काढायलाच कॅमेऱ्यापाशी गेले. पण ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात ती शिवण अशी देखणी दिसत होती की मी बघतच राहिले. तेवढ्यात घंटा झाली. मुकादमाने विचारलं, 'टोपडं काढलंस?' मी 'हो' म्हटलं आणि जिना चढले. मॅडमना हे अजून सांगितलेलं नाही. जाळं टिकलं की सांगेन. उसवलं तर आधी सांगेन आणि मग सही करेन.

आणखी ता. क. सायकलवाले दादा, इथे थांबा. पुढचं पान आत्याच्या हातात द्या, बॉबिनच्या खणातून चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवा आणि खाली जा. कुणाचं तरी पंक्चर असेलच.

आत्या, चष्मा घाल. हे दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. जाळ्याचं तोंड म्हणजे मुंढा आणि ते तलम कापड म्हणजे बाही. अगदी तेच आहे गं. कापडाचा घेर पट्टीपेक्षा चार बोटं जास्त आहे आणि चुणी एकही पडता कामा नये, कारण चुणी पडली की पाण्याच्या ओढीने तिथूनच फाटतं. मी तीनदा टाचून पाहिलं. तिन्ही वेळा शेवटी सगळ्या चुण्या एका जागी गोळा झाल्या, तिन्ही वेळा दार लावून उसवलं. बाहेर सांगितलंय की मी अजून विचार करते आहे. मला भीती वाटते आहे. तू बाही बसवताना सुरुवात कुठून करायचीस, खांद्यावरून की काखेपासून? टाचण्या उभ्या लावायचीस की आडव्या? जास्तीचं कापड बोटांनी आत कसं जिरवायचीस? तुझा अंगठा हलायचा एवढं आठवतं, बाकी मी खिडकीबाहेर बघत होते. सुई टोचू नये म्हणून तू बोटात घालायचीस ते पितळी अंगुस्तान हरवलेलं नाही, माझ्याकडे आहे, उगाच त्या आठ जणींवर संशय घेऊ नकोस. पण नुसतं अंगुस्तान असून भागत नाही. सहाच दिवस आहेत. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण आधी बाही लिही, मग शिव्या.

आणखी एक. मशीन विकू नकोस. रेनकोट टांगायच्या खोलीत खिडकीपाशी जागा आहे, मी वितीने मोजली, पायांसकट बसतं. हेलकाव्यात हलू नये म्हणून बोल्ट कुठे मारायचे त्याच्या खडूच्या खुणा मुकादमाने जमिनीवर करून ठेवल्यात, मी न सांगता. जाळं टिकलं तर कळवते. मग बंदरात ते घेऊन तूच ये, त्याचा पट्टा तुझ्याशिवाय कुणाला नीट चढवता येत नाही. आलीस की ही कुठे न जाणारी बोट बघून जा. चढायच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे.

शेवटचं. सायकलवाले दादांना परत वर बोलाव. दादा, मागच्या पत्रात तुम्ही पदरचं घातलेलं ते वाक्य या वेळीही वाचा. या वेळी ते माझं आहे.